आवाज कुठून येतो?

माणसाने आयुष्यात एकदा तरी जुनी गाडी घ्यावी. नवी गाडी घेणाऱ्याला नुसती गाडी मिळते. जुनी घेणाऱ्याला तिच्याबरोबर एक मिस्त्री, एक पंक्चरवाला, सोसायटीतले चौदा सल्लागार आणि थोडंफार तत्त्वज्ञान एवढा संसार फुकटात मिळतो. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, रांगही लांबली. शिक्षण बी.कॉम. तेव्हा तत्त्वज्ञानाशी माझा संबंध येण्याचं तसं काही कारण नव्हतं. तो आला तो गाडीच्या पुढच्या चाकातून.

चार वर्षांपूर्वी ती मी बोरिवलीच्या एका सद्गृहस्थांकडून घेतली. छोटी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही. अकरा वर्षांच्या गाडीचे दोष कंपनीवर टाकणं म्हणजे माझ्या टक्कलाबद्दल माझ्या शाळेला जाब विचारण्यासारखं आहे. ट्रायलला गेलो तेव्हा सद्गृहस्थांनी किल्ली फिरवायच्या आधी किशोरकुमार लावला, आणि सात किलोमीटर तो थांबू दिला नाही. "गाण्याची आवड दिसते," मी म्हणालो. "गाडीत बसलं की लागतंच हो," ते म्हणाले. किती खरं बोलले ते मला नंतर कळलं. "काही प्रॉब्लेम वगैरे?" मी विचारलं. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "साहेब, मुलीसारखी सांभाळलीय." त्यांना मुलगी आहे की नाही याची चौकशी करायची राहून गेली. मी स्टाफ लोनचा अर्ज टाकला आणि गाडी सिल्व्हर पार्कात आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली.

तिसऱ्या रविवारी रेडिओ बंद पडला. त्या दिवशी मी माझ्या गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मराठी भाषेने आवाजांच्या बाबतीत आपल्याला काही कमी केलेलं नाही. घूं, घरघर, गरगर, खडखड, खुळखुळ, टकटक, कटकट, कुरकुर, करकर, चीं. शिवाय यातला प्रत्येक आवाज आपापली बदनामी बरोबर घेऊन येतो. कुरकुर माणूस करतो, कटकट बायकोची वाटते (बायकोला नवऱ्याची), खडखडाट महिनाअखेरीला खिशात होतो आणि घरघर एकदाच, शेवटची लागते. त्यामुळे मिस्त्रीकडे जाऊन "गाडीला घरघर लागलीय" असं सांगताना गळा दाटून येतो. माझ्या गाडीत यातले निदान पाच आवाज एका वेळी नांदत होते. एकत्र कुटुंबच होतं ते.

आमच्या घरात प्रत्येकाला आवाज वेगळ्या ठिकाणाहून आला. आई मागे बसते. ती म्हणाली, आवाज मागून येतो. सौ. माझ्या शेजारी बसते. ती म्हणाली, "तुमच्या बाजूनेच येतोय." हे ती गाडी नव्हती तेव्हाही म्हणत असे. कन्येने कानातली बोंडं काढून विचारलं, "कुठला आवाज?" सोसायटीतही तेच. दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ म्हणाले, चाक एका बाजूने घासून सपाट झालंय. तळमजल्यावरच्या विमा एजंटांनी आवाज ऐकलाच नाही, फक्त पॉलिसी कधी संपते ते विचारलं. सेक्रेटरींनी बॉनेटवर कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "विका."

मिस्त्री मूळचे कराडकडचे. माणूस अंगाने किरकोळ, पण गाडीकडे असा बघतो की गाडीनेच खजील व्हावं. मी त्यांना अर्धा तास सगळं सांगितलं. कुठून येतो याची वेगवेगळी मतंही सांगितली. ते हात पुसत म्हणाले, "साहेब, आवाज कुठनं येतो ते इचारू नका. पत्र्याची पेटी आहे ही, आवाज कुठनंबी निघतो आणि कुठंबी ऐकू येतो. कधी येतो ते सांगा. वेग वाढला की वाढतो? वळल्यावर येतो? पाय दाबल्यावर? उभ्या गाडीत? तेवढं लिहून आणा."

लिहून आणा म्हटलं की कारकुनाच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. मी लेजरसारखी वही आखली. तारीख, वेग, गिअर, वळण, शेरा. पण आवाज ऐकायला शांतता लागते, आणि ती मीरा रोडला सुटी विकत मिळत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला उठून, काशिमिऱ्याच्या नाक्यावरून घोडबंदरच्या बाजूला जायचं, काचा खाली करायच्या आणि कान बाहेर काढून हळूहळू गाडी चालवायची, असा माझा क्रम सुरू झाला. शेजारी कौतुकाने म्हणत, "मॉर्निंग वॉकला का?" एकदा तर मी घाबराघुबरा होऊन मिस्त्रींकडे गेलो, की परवापासून नवीनच आवाज आलाय, छप छप छप, अगदी ठरावीक अंतराने, आणि फक्त आपल्या मीरा-भाईंदर रोडवर येतो, हायवेला लागलं की जातो. मिस्त्रींनी थोडा विचार केला. "काच खाली असते?" "असते." "साहेब, मेट्रोचे खांब आहेत ते. गाडीचा आवाज खांबावर आपटून परत येतो." मी वहीत शेरा लिहिला: 'खांब. आपल्या गाडीचे नाहीत.'

पण वहीचा उपयोग झाला. टिकटिक वेगाबरोबर वाढायची आणि गाडी थांबली की थांबायची, ती टायरच्या खाचेत अडकलेल्या खड्याची निघाली. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने खडा काढला आणि पैसे घेतले नाहीत. खुळखुळ चाकावरच्या प्लॅस्टिकच्या टोपीची होती. टकटक स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच यायची, म्हणजे आमच्या कंपाउंडमध्ये वर्मांची स्कूटर चुकवून गाडी लावताना. पुढच्या चाकांना फिरवणारा जो एक्सल असतो त्याच्या टोकाला एक जॉइंट असतो, आणि जॉइंटवर रबरी बूट. तो बूट फाटला की आतलं ग्रीस उडून जातं, माती आत शिरते आणि जॉइंट वळताना दात वाजवायला लागतो. मिस्त्रींनी गाडीखाली बॅटरी मारून दाखवलं: चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीसचे शिंतोडे. "बूट दीडशे-दोनशेचा असतो साहेब. वेळेवर बदलला नाही की जॉइंट जातो." हे वाक्य ऐकून मला माझ्या दाताची आठवण झाली.

राहिला 'घूं'. हा सगळ्यात सोज्वळ आवाज. चाळिसाच्या वेगाला दूरवर कुठे भजन चालल्यासारखा, साठला विमानासारखा. मिस्त्रींनी मला न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळत सोडायला सांगितली. इंजिन शांत झालं तरी घूं चालूच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही, चाकाकडचा. मग मोकळ्या रस्त्यावर डावी-उजवी वळणं. वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जातं. उजवीकडे वळलं की घूं वाढायचा, डावीकडे वळलं की कमी. म्हणजे डावं चाक. "पण टायर उंचसखल झिजला तरी असाच आवाज येतो," असं म्हणून त्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकले. आवाज जागचा हलला नाही. मग जॅक लावून चाक उचललं, हाताने फिरवलं आणि म्हणाले, "आता इथं स्प्रिंगवर हात ठेवा." मी ठेवला. मांजर मांडीवर घेतल्यावर जशी गुरगुर हाताला लागते, तशी लागली. कानाला चार आठवडे न सापडलेली गोष्ट हाताला चार सेकंदांत सापडली.

जुनं बेरिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. आतल्या गोळ्यांवर तांबूस खड्डे. "पाण्यात बसलेली गाडी आहे," मिस्त्री म्हणाले. "एक रात्र तरी चाकभर पाण्यात असणार." पावसाळ्यात आपल्याकडे गाड्या पाण्यात बसतात यात नवीन काही नाही. २६ जुलै २००५ नंतर तर मुंबईत गाडी घेणारा माणूस आधी सीट हुंगतो. मी काही हुंगलं नव्हतं. मी किशोरकुमार ऐकत होतो. मुलीसारखी सांभाळलेली गाडी रात्रभर पाण्यात उभी होती, आणि ते त्या सद्गृहस्थांना माहीत असणार, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर गाडी चार वर्षं गुण्यागोविंदाने चालली. मग गेल्या दिवाळीनंतर शेवटचा आवाज आला.

हा आवाज उभ्या गाडीत यायचा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि खालून बारीक घरघर. क्लच दाबला की गप्प. सोडला की पुन्हा सुरू. मी वही घेऊन गेलो, तर मिस्त्रींनी ती उघडलीही नाही. "गिअर बॉक्सचं बेरिंग. क्लच सोडलेला असला की इंजिन आतला शाफ्ट फिरवतं, म्हणून वाजतं. क्लच दाबला की संबंध तुटतो, शाफ्ट थांबतो, आवाज जातो. गिअर बॉक्स उतरवायला लागणार. चौदा हजार." मी विचारलं, नाही केलं तर? "चालंल. सहा महिने चालंल, दोन वर्षंबी चालंल. आणि एखाद्या दिवशी नाही चालणार." मग जरा हसून म्हणाले, "बिनखर्चाचा इलाज पण आहे. सिग्नलला क्लच दाबून ठेवायचा. जुन्या गाड्या इकणारे तेच करतात."

त्यांनी ते गमतीने सांगितलं. मी ते गमतीने ऐकलं. पण माणसाच्या डोक्यात जी गोष्ट गमतीने शिरते ती निघायला फार वेळ लागते.

त्याच महिन्यात कन्येच्या कॉलेजची फी आली, आणि घरात ठरलं की गाडीवर चौदा हजार घालण्यापेक्षा गाडी विकावी. सौ. म्हणाली, "जो कोणी घेईल त्याला बेरिंगचं सांगा म्हणजे झालं." सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी पुढचे तीन आठवडे राहिलो.

बी.कॉम.ला आम्हाला मर्कंटाइल लॉ होता. माल विक्री कायदा, १९३०, कलम १६: मालाच्या गुणाची हमी, ठरावीक अपवाद सोडले तर, कायदा आपणहून देत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. हे मला पाठ होतं. पण जुनं पुस्तक काढून बघितलं तेव्हा त्याच्या आधीचा कराराचा कायदा निघाला, १८७२चा. त्याच्या सतराव्या कलमात लबाडी म्हणजे काय ते सांगितलंय, आणि समजावण्यासाठी एक घोडा आणलाय. हा घोडा अधू आहे. मालक तो लिलावात विकतो आणि अधूपणाबद्दल तोंड उघडत नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे; नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणं नव्हे. मी पुस्तक मिटलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या बोरिवलीच्या गृहस्थांबद्दल मला आपुलकी वाटली.

आता योगायोग बघा. मी ज्या रस्त्यावर पहाटे गाडीचा आवाज ऐकत फिरत होतो तो रस्ता घोडबंदरचा. पूर्वी तिथल्या खाडीत अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात. म्हणजे आमच्या बिल्डिंगपासून काही मैलांवर जहाजातून घोडे उतरत असणार, विकणारे घोड्याचे दात दाखवत असणार, आणि घोड्याच्या मागच्या डाव्या पायाबद्दल कोणी अवाक्षर काढत नसणार. मिस्त्री तेव्हाही असतीलच. नाल ठोकता ठोकता म्हणत असतील, "पाय दुखतो ते सोडा. कधी दुखतो ते सांगा."

पण कलम पुढे वाचलं आणि आपुलकी ओसरली. त्यात घोड्याचे आणखी दाखले आहेत. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर घोडा अधू आहे हे सांगणं बापाचं कर्तव्य ठरतं. (मुलीसारखी सांभाळली होती ना? मग?) आणि तिसऱ्या दाखल्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. यावर मालक गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच. शिवाय त्याच कलमात वर, घोड्याच्या बरंच आधी, आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे: माहीत असलेली गोष्ट खटपट करून लपवली, तर ती मात्र लबाडी. थोडक्यात गप्प बसा, पण घोड्याच्या पायाला रंग लावू नका.

रोमन लोकांनी हा घोळ आपल्याही आधी घालून ठेवलाय. सिसेरो नावाचे एक वकील होऊन गेले, त्यांनी इसवी सनापूर्वी ४४ साली मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. (मुलाने वाचला की नाही कोण जाणे. मी कन्येला एक पानी पत्र लिहिलं होतं, ते अजून फ्रिजवर आहे.) त्यात एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन दुष्काळी ऱ्होड्स बेटावर येतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगितलं तर भाव पडणार. सांगावं का? यावर दोन जुने तत्त्वज्ञ भांडतात. अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगायला हवं. डायोजिनीस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं; कायदा सांगतो तेवढं सांग, बाकी भाव घेणाऱ्याने करावा; घर विकणाऱ्याने काय दवंडी पिटून 'रोगट घर विकणे आहे' म्हणून ओरडायचं? सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. आमच्या घरात अँटिपेटरचं काम सौ. करत होती आणि डायोजिनीस तिसऱ्या मजल्यावर राहून सोसायटीचा मेंटेनन्स गोळा करत होते.

आणि गाड्यांपुरतं बोलायचं तर जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा. म्हणणं साधं आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खोडीलच समजून कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाले विकायलाच येत नाहीत आणि बाजारात उरतात फक्त भिकार गाड्या. अमेरिकेत अशा गाडीला लिंबू म्हणतात. आपण लिंबू बंपरखाली मिरच्यांबरोबर टांगतो, त्यांनी गाडीलाच लिंबू म्हणून वेळ वाचवला. मला हे वाचून थोडं बरंही वाटलं. माझ्या गाडीला आधीच लिंबाचा भाव मिळणार होता; मग लिंबू आहे हे वेगळं सांगण्याची गरज काय? अशी अक्कल माणसाला रात्री अकरानंतर फार सुचते.

पण सकाळी काउंटरवर बसलो की ती टिकत नसे. आमच्याकडे कधीतरी खोटी नोट येते. हाताला कळतंच. मग नियम आहे: नोटेवर शिक्का मारायचा, रजिस्टरला चढवायची, पावती द्यायची, आणि नोट परत द्यायची नाही, पैसेही द्यायचे नाहीत. समोरचा माणूस, शंभरातले नव्याण्णव वेळा, अगदी निर्दोष असतो. तो म्हणतो, "साहेब, मला कोणीतरी दिली हो. माझा काय गुन्हा?" त्याचा खरंच काही गुन्हा नसतो. "परत द्या, मी बाजारात चालवतो," असंही काही जण मनमोकळेपणाने सांगतात. वीस वर्षं मी अशा लोकांना एकच सांगत आलोय, की ज्याच्या हातात ओळखू आली त्याच्या हातात ती थांबते, त्याला मी काय करू? एका भाजीवालीची पाचशेची नोट मी अशी थांबवली आहे. दिवसभराची विक्री होती ती तिची. तिने मला शिव्या दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि आता मी चौदा हजारांची नोट खिशात घालून गिऱ्हाईक शोधत होतो.

गिऱ्हाईक भाईंदरहून आलं. पंचविशीतला मुलगा, कुरिअर कंपनीत कामाला, बरोबर वडील. मुलगा चुणचुणीत आणि बोलका. "काका, आईचं डायलिसिस असतं, आठवड्यातून दोनदा. सकाळी पाचला रिक्षावाले येत नाहीत. लांब कुठे जायचं नाही आपल्याला." मी मान हलवली. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली (जुन्या गाडीच्या टायरला लाथ मारून काय कळतं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही) आणि म्हणाला, "मला गाडीतलं काही कळत नाही काका. पण तुम्ही बँकेतले. काही असतं तर तुम्ही बोलला असतात. मी तेच धरून चाललोय."

तिसरा दाखला. शब्दाला शब्द नाही, पण घोडा तोच.

मी म्हणालो, "एक चक्कर मारून येऊ या."

वडील पुढे बसले. कानात यंत्र होतं, ते त्यांनी काढून खिशात टाकलं. मुलगा मागून म्हणाला, "बाबांना ऐकायला कमी येतं." मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला नको. रेडिओ मी लावला नाही, हे मात्र नमूद करून ठेवतो. मुलानेच मागून हात घालून लावला. "म्युझिक सिस्टिम चालते ना काका?" मी तो बंद केला. त्यानंतर सिल्व्हर पार्कच्या सिग्नलपर्यंत मी स्वतःवर बराच खूश होतो.

सिग्नल लाल होता. मी गाडी थांबवली आणि ठरवलं की आता सांगायचं. हिरवा झाला. पुढच्या सिग्नलला सांगू म्हटलं, रस्त्यात बोलणं बरं नाही. पुढचा सिग्नल आला. वडिलांनी गिअरच्या मुठीवर तळहात ठेवलेला होता. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, आधाराला धरलंय. समोर आकडे उलटे पळत होते. मागून रिक्षावाला उगाच हॉर्न देत होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, न्यूट्रल करा की. आणि डाव्या पायाला जरा विश्रांती द्या."

तेव्हा मला कळलं की माझा पाय क्लचवर होता. पहिला गिअर टाकून, क्लच तळाला दाबून. या सिग्नलला तसाच होता आणि मागच्या सिग्नलला तसाच होता. आता पुष्कळ लोक सिग्नलला पाय क्लचवर ठेवतात. सवय असते. माझीही असेल. होतीच म्हणा ना. मी गाडी न्यूट्रल केली, पाय काढला. गाडी घरघरली. वडिलांना ती ऐकू आली नाही. त्यांनी तळहात थोडा दाबला आणि दोनदा मान हलवली.

"चाळीस वर्षं लेथवर होतो," ते म्हणाले. "कान तिथेच ठेवून आलो. हात राहिले."

"गिअर बॉक्सचं बेरिंग आहे," मी म्हणालो. "चौदा हजार सांगितलेत. मी सांगणारच होतो."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला घाम फुटला. कारण कर्जाचा हप्ता थकलेला माणूस काउंटरवर येऊन हेच म्हणतो. "भरणारच होतो साहेब. आज येणारच होतो." आणि मी दर वेळी ज्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघतो, त्याच चेहऱ्याने ते म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं ते काही बोलतील. ते म्हणाले, "हिरवा झाला."

घरी येऊन त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, गाडीखाली वाकून बघितलं, जॉइंटचे नवे बूट पाहिले, पुढचं डावं चाक हलवून पाहिलं. "बाकी गाडी नीट ठेवलीय," म्हणाले. "चौदा कमी करा. बेरिंग आम्ही करून घेऊ. माझ्या ओळखीचा आहे एक." मी चौदा कमी केले. दीड हजार आणखी केले, ते कशाबद्दल ते मलाही नीट सांगता येणार नाही. खर्चाचं हेड सापडलं नाही. आर.टी.ओ.चे फॉर्म २९ आणि ३० भरले. इंजिन नंबर, चेसिस नंबर, पत्ता, सगळ्याला रकाने आहेत. आवाजाला नाही, आणि विकणाऱ्याचा पाय कुठे होता यालाही नाही. जाताना मुलगा वाकून नमस्कार करायला लागला. "थँक्यू काका, तुम्ही सरळ सांगितलंत म्हणून." वडिलांनी खिशातलं यंत्र काढून कानात घातलं आणि मला हात जोडले. काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं कायद्याने कुठल्या दाखल्यात घातलं असतं, मला माहीत नाही.

मी मिस्त्रींना विचारून पाहिलं. म्हणजे सगळं नाही, एवढंच विचारलं की माणूस सवयीने क्लचवर पाय ठेवतो की मुद्दाम, हे बाहेरून कळतं का? ते म्हणाले, "कळत नाही. प्लेट दोन्हीकडनं सारखीच झिजते."

वर आलो तर सौ. दारातच होती. खिडकीतून गाडी जाताना बघितली होती तिने.

"सांगितलंत ना त्यांना बेरिंगचं?"

"सांगितलं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आई मला म्हणत होत्या, आठवण कर. मी म्हटलं, काही गरज नाही, ते आपणहून सांगतील. मी तेच धरून चालले होते."

आणि ती चहा टाकायला आत गेली. कलमात मुलीचा दाखला आहे, बायकोचा नाही. मी सोफ्यावर बसून राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की डावा पाय मी जमिनीवर घट्ट दाबून धरलेला आहे.